‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ छापायच्या आधी

पत्र थोडक्यात: कोथरूडच्या एक ताई टोमॅटो सॉस, आवळा सिरप, कैरीचं लोणचं आणि आलं-लसूण पेस्ट घरी करून विकतात. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे, मदतीला दोन बायका आहेत. आतापर्यंत सोसायट्यांमधली प्रदर्शनं आणि ओळखीची गिऱ्हाइकं यांवर धंदा चालला. आता बाणेरचं एक दुकान माल ठेवायला तयार आहे, पण अट अशी की चारही बाटल्यांवर ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ छापलेलं हवं आणि माल फ्रिजबाहेर सहा महिने टिकायला हवा. ताईंनी नेहमीचं संरक्षक, म्हणजे सोडियम बेन्झोएट, न घालता सॉसची एक बॅच केली, सॉस गार झाल्यावर नेहमीच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरला आणि तीन आठवड्यांत निम्म्या बाटल्या फुगून परत आल्या. एक पुरवठादार म्हणतो, ‘नॅचरल’ पावडर घ्या, ती घातली तरी ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ लिहिता येतं. मुलीला वाटतं, इतकी वर्षं लोकांना बेन्झोएट खाऊ घातलं हेच चुकलं. ताई विचारतात: बेन्झोएट खरंच वाईट आहे का? काढायचं तर कसं? आणि परत आलेल्या बाटल्या पुन्हा उकळून विकल्या तर चालेल का?

ताई,

दुकानदारानं चार पदार्थांना एकच अट लावली आणि तुम्हीही चारही पदार्थांना मिळून एकच प्रश्न विचारलात. अडचण तिथेच आहे. लोणच्याला बेन्झोएटची गरजच नाही. आवळ्यात ते नसलेलं बरं. सॉसमधून ते मेहनतीनं काढता येतं. आणि पेस्टमध्ये ते घातलं तरी जवळजवळ काम करत नाही. तिथे दुकानदाराची अट थेट धोक्याची आहे, म्हणून त्या पेस्टबद्दल खाली सविस्तर लिहिते.

आधी मुलीची खंत. खाद्यपदार्थांतल्या ॲडिटिव्ह्जचं मूल्यमापन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये बेन्झोएटची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमवरून २० वर नेली. युरोपची अन्नसुरक्षा संस्था ५ हाच आकडा धरते. आपण कडक आकडाच घेऊ. १५ किलोच्या मुलाला त्या हिशेबानं दिवसाला ७५ मिलिग्रॅम चालतं. सॉसमध्ये किलोला ७५० मिलिग्रॅम बेन्झोइक आम्ल आहे असं धरलं, तर २० ग्रॅम सॉसमधून १५ मिलिग्रॅम जातं. म्हणजे मोजून घातलेलं बेन्झोएट हे विष नव्हे, आणि तुम्ही कुणाचा घात केलेला नाही.

पण प्रश्न विचारणारं गिऱ्हाईकही चुकीचं नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांचं मिश्रण घेतल्यावर मुलांमधली अतिचंचलता वाढल्याचं दिसलं. युरोपनं त्यानंतर त्या सहा रंगांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. बेन्झोएटवर तशी सक्ती केली नाही. तुमच्या सॉसमध्ये रंग असेल, तर बेन्झोएटच्या आधी तो काढा. गिऱ्हाइकाला त्याचा फायदा जास्त आहे आणि टिकण्यावर काहीही परिणाम होत नाही.

दुसरी खरी काळजी मापाची. ‘किलोला पाव चमचा’ हे माप पावडर किती दाबून भरली यावर बदलतं आणि सहज मर्यादेबाहेर जातं. शिवाय मर्यादा बेन्झोइक आम्लात मोजतात आणि आपण घालतो सोडियम बेन्झोएट, त्यासाठी १.१८ नं गुणायचं. मर्यादा ७५० धरली तर किलोला ८८५ मिलिग्रॅम, १० किलोच्या बॅचला ८.८५ ग्रॅम. तुमच्या पदार्थाच्या वर्गाची आजची मर्यादा एफएसएसएआयच्या तक्त्यात बघा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा वापरा. बेन्झोएट थोड्या कोमट पाण्यात विरघळवून शेवटी घाला. थेट व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात टाकलं तर त्याचं बेन्झोइक आम्ल होऊन कण तळाशी बसतात; मग एका बाटलीत जास्त आणि दुसरीत काहीच नाही.

आता बाजाराची हवा. लोक बाटली उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचायला लागलेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेच गिऱ्हाईक त्याच दमात साखर कमी हवी, मीठ कमी हवं, तेल कमी हवं म्हणतं, बाटली मोठी हवी म्हणतं आणि ती ओट्यावर दोन महिने ठेवतं. आपल्याकडच्या २०११ च्या अन्न-नियमांत संरक्षकांचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मध, मसाले, खाद्यतेल. दुसऱ्यात बेन्झोएट, सॉर्बेट, सल्फाइट वगैरे. आजी लोणचं टिकवायची ते पहिल्या वर्गाच्या जोरावर. गिऱ्हाईक आज त्याच वर्गावर कात्री चालवतं, आणि मग दुसऱ्या वर्गाची गरज वाढते. ‘कमी गोड’ सरबतं आणि ‘कमी तेला’ची लोणची बाजारात जितकी वाढतील तितकी सॉर्बेटची मागणीही वाढेल, लेबलवर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो. म्हणून कुणी ‘प्रिझर्व्हेटिव्ह काढा’ म्हणालं की तुम्ही विचारायचं: मग त्याचं काम कुणी करायचं? मीठ, आम्ल, साखर, उष्णता, थंडावा, लहान बाटली, कमी दिवस, यांतलं काहीतरी पुढे यावंच लागतं.

हे नवं नाही. अमेरिकेत १९०६ च्या सुमारास हाइन्झनं बेन्झोएटशिवाय केचप बाजारात आणला, तो पूर्ण पिकलेले टोमॅटो वापरून आणि साखर व व्हिनेगर भरपूर वाढवून. केचप इतका गोड-आंबट लागतो त्याचं एक कारण हे आहे.

तुमचा सॉसही त्याच वाटेनं जाऊ शकतो. तयार सॉसचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.६ ते ३.८, रिफ्रॅक्टोमीटरवर ३० ब्रिक्सच्या वर (ब्रिक्स म्हणजे साखर आणि इतर विरघळलेल्या पदार्थांचे टक्के; केचपला किमान २५ लागतात), आणि आम्लता ॲसिटिक आम्लाच्या हिशेबात किमान १ टक्का. किलोभर सॉसमध्ये १ टक्का म्हणजे १० ग्रॅम आम्ल, म्हणजे ४ टक्क्यांचं व्हिनेगर पाव लिटर. त्यातला काही वाटा टोमॅटोचं स्वतःचं आम्ल उचलतं. व्हिनेगर शेवटच्या पाच मिनिटांत घाला, आधी घातलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि तुमचा हिशेब चुकतो.

तुमची बॅच बिघडली ती मात्र बहुधा भरण्यात. गार सॉस भरला की पातेलं, गाळणी, नरसाळं, झाकण, हवा, सगळीकडचं यीस्ट बाटलीत जातं. आधी बेन्झोएट त्याला दाबून ठेवत होतं. ते गेलं आणि यीस्टनं साखर खाऊन गॅस केला. बेन्झोएटशिवायचा सॉस ८८ ते ९० अंशांवर असतानाच भरायला हवा, आणि त्या तापमानाला प्लास्टिकची साधी पीईटी बाटली आकसते आणि वेडीवाकडी होते. म्हणून काच. काचेच्या बाटल्या आधी गरम करून घ्या, नाहीतर तडकतात. काठोकाठ भरू नका, वर बोटाच्या पेराहून थोडी कमी जागा ठेवा, लगेच झाकण लावा आणि बाटली तीन ते पाच मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला आणि गळ्याला गरम सॉस लागतो. मग आधी कोमट, नंतर गार पाणी. रात्रभर गठ्ठ्यानं गरमच राहिल्या तर सॉस काळवंडतो. थर्मामीटर बाटलीतल्या सॉसमध्ये बुडवून बघा, पातेल्यातल्या नव्हे. शेवटच्या दहा बाटल्या भरेपर्यंत तापमान ७५ वर आलेलं असतं आणि फुगतात त्याच. सॉस मधेच पुन्हा तापवायचा.

अशा रीतीनं भरलेली बंद बाटली टिकते. उघडल्यावर तिचं संरक्षण संपतं, आणि बेन्झोएटचा खरा उपयोग उघडल्यानंतरच्या दिवसांतच होता. म्हणून किलोची बाटली बंद करा, २०० ग्रॅमची आणा, आणि ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा’ हे पुढच्या बाजूला छापा.

आवळ्याचं सांगते. क जीवनसत्त्व आणि बेन्झोएट एकत्र आले, वर उष्णता आणि उजेड मिळाला, की सूक्ष्म प्रमाणात बेन्झिन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं. शीतपेयांच्या बाबतीत ही गोष्ट १९९० च्या सुमारास लक्षात आली आणि २००५-०६ मध्ये पुन्हा चर्चेत आली. आवळा म्हणजे क जीवनसत्त्वाचा साठाच. त्यात मे महिन्यात दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली पारदर्शक बाटली. प्रमाण अगदी कमी असलं तरी टाळता येण्यासारखं आहे, तर टाळा. सिरप ६५ ते ६८ ब्रिक्सला न्या आणि गरम भरा. गळ्याशी बुरशीची कडी धरते ती झाकणाखाली जमलेली वाफ पाणी होऊन वर तरंगते आणि तेवढाच थर पातळ होतो म्हणून. भरल्यावर बाटली एकदा उलटी करून हलवली की तो थर मिसळून जातो. ‘कमी साखरेचं’ हवं असेल तर ते फ्रिजमधलं उत्पादन, किंवा मग पोटॅशियम सॉर्बेट, मर्यादेत आणि लेबलवर लिहून. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटही चालतं, पण सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असलं की ते ॲलर्जीच्या सूचनेत लिहावं लागतं. दम्याच्या काही रुग्णांना ते खरोखर त्रास देतं. पुढे कोकम किंवा जांभूळ करायचा विचार असेल तर सल्फाइट विसरा, रंग उडतो.

गुळातलं सिरप करत असाल तर गूळ बघून घ्या. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा हायड्रोस (रंग उजळवणारी सल्फाइटच्या जातीची पावडर) घालून उजळलेला असतो, आणि ते सल्फाइट तुमच्या बाटलीत येतं.

लोणच्याबद्दल फार सांगायला नको, तुम्हाला ते येतं. एवढंच, की मीठ एकूण वजनाच्या १२ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका आणि फोडींवर तेल अर्धा सेंटिमीटर उभं राहू द्या. ‘कमी मीठ, कमी तेल’ मागणाऱ्याला छोटी बरणी द्या आणि फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.

आता पेस्ट. बेन्झोएट काम करतं ते आम्लात, कारण जंतूच्या आत शिरतं ते त्याचं आम्ल-रूप. पीएच ४.२ ला ते निम्मं आम्ल-रूपात असतं, ३.२ ला शंभरातलं नव्वद, आणि पीएच ६ ला शंभरातलं जेमतेम दीड. आलं-लसूण पेस्टचा पीएच साधारण सहाच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या पेस्टमध्ये बेन्झोएट आजही नावापुरतं आहे, आणि ती टिकते ती मीठ आणि फ्रिज यांच्यावर.

लसूण मातीतून येतो, त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हवा नाही, आम्ल नाही आणि खोलीचं तापमान आहे, अशा जागी ते वाढून प्राणघातक विष करतात, आणि पेस्टच्या वासाचवीवरून ते कळेलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणातून तीसच्या वर लोकांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९८९ मध्ये अशा उत्पादनांत आम्ल किंवा दुसरा रोधक घालणं बंधनकारक केलं. वर तेलाचा थर, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, आम्ल नाही, फ्रिजबाहेर सहा महिने: दुकानदारानं मागितलेली पेस्ट नेमकी ही आहे. ती करू नका, कितीही भाव दिला तरी.

रस्ते दोन आहेत. एक, फ्रिजमधली पेस्ट, मिठाची, आठ-दहा दिवसांची. किंवा फ्रीझरमधल्या वड्या. दुसरा, आम्ल घालून पीएच ४.६ च्या स्पष्ट खाली आणायचा; ४.२ पर्यंत नेलात तर मोजमापाच्या चुकीला जागा राहते. किलोला ८ ते १० ग्रॅम सायट्रिक आम्लापासून सुरुवात करा, नीट वाटून मिसळा, चोवीस तासांनी पुन्हा मोजा, कारण जाडसर कणांच्या आत आम्ल हळूहळू शिरतं आणि पहिला आकडा फसवा असतो. कागदी पट्टीवर विसंबू नका. पीएच मीटर घ्या आणि दर बॅचच्या आधी ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणावर) जुळवा. आम्लानं लसूण हिरवा-निळा पडतो. ते घातक नाही, पण गिऱ्हाईक बाटली परत आणतं. शीतगृहातला लसूण जास्त हिरवा पडतो. पाकळ्या आधी वाफवल्या तर हिरवेपणा कमी होतो, वासही थोडा कमी होतो. पीएच खाली आला की बेन्झोएटही पहिल्यांदाच खरं काम करायला लागतं. या एका बाटलीवर मी तरी ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’चा आग्रह धरणार नाही.

पुरवठादाराच्या पावडरीबद्दल: त्याच्याकडून स्पेसिफिकेशनचा कागद मागा. आत कोणतं आम्ल आहे, किती टक्के, आयएनएस क्रमांक (ॲडिटिव्हचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) कोणता, कोणत्या पीएचला चालते आणि कशावर चालते. अशा पावडरी बऱ्याचदा साखर आंबवून केलेल्या असतात आणि काम करणारा रेणू ॲसिटिक किंवा प्रोपिऑनिक आम्लाचाच असतो. वाईट काहीच नाही, पण ते संरक्षकच आहे. रोझमेरी अर्क देत असेल तर तो तेल खवट होण्यापासून वाचवतो. बुरशी-यीस्टवर त्याचा भरवसा धरू नका. आणि ती घातली तरी ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ लिहिता येतं, हा त्याचा सल्ला धुडकावा. एखादी गोष्ट घातलेली नाही असा दावा करायचा तर तिच्या जागी तेच काम करणारं दुसरं काही घातलेलं नसावं, आणि घातलं असेल तर ते तितक्याच ठळकपणे सांगावं, अशी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, अट आहे. आपल्याकडेही जाहिरात आणि दाव्यांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द त्यात मोकाट सोडलेला नाही.

लपून येणाऱ्या बेन्झोएटकडेही बघा. तयार टोमॅटो प्युरी, डब्यातला चिंचेचा कोळ, बाहेरची पेस्ट यांत ते आधीच घातलेलं असू शकतं. सॉसमध्ये यातलं काही पडत असेल तर तुम्ही न घालताही तपासणीत सापडेल. दालचिनी आणि लवंगेत ते थोडंसं निसर्गतःच असतं. दावा छापायच्या आधी एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बेन्झोएट-सॉर्बेटची चाचणी करून रिपोर्ट फाइलला ठेवा.

दुकानदाराशी बोलताना चारही बाटल्या एका ओळीत मांडू नका. लोणचं आणि सॉस: होय, बेन्झोएटशिवाय, काचेत. सिरप: बेन्झोएटशिवाय, सहा महिन्यांचा शब्द मात्र तुमच्याकडे ठेवलेले नमुने तेवढे टिकल्यावरच. पेस्ट: त्याच्या फ्रिजमध्ये, आठवड्याला ताजी, उरलेली परत घ्यायची तुमची तयारी. बहुतेक दुकानदारांना आकडे कळतात. आठवड्याला दोन डझन लहान बाटल्या हलल्या तर सहा महिन्यांचा हट्ट त्यांचा तेच सोडतात. सोडला नाही तर तीन पदार्थ द्या, पेस्ट प्रदर्शनांतच विका.

दर बॅचच्या सहा बाटल्या बाजूला ठेवा: तीन घरच्या तापमानाला, तीन माळ्यावर किंवा गच्चीच्या खोलीत, जिथे पुण्याचा एप्रिल-मे जाणवतो. बॅच क्रमांक, पीएच, ब्रिक्स, भरतानाचं तापमान वहीत. सहा महिने त्या टिकल्या की मगच ‘सहा महिने’ छापा.

आणि परत आलेल्या बाटल्या उकळून विकायच्या नाहीत. उकळलं की यीस्ट मरतं, पण आंबलेला स्वाद तसाच राहतो. जिथे बुरशी धरली असेल तिथे तिनं आम्ल खाऊन पीएच वर नेलेला असू शकतो, आणि बुरशीची काही विषं उकळून जात नाहीत. फुगलेल्या बाटल्या घरात उघडू नका. बाहेर, वर ओला कपडा धरून, तोंड स्वतःपासून दुसरीकडे वळवून झाकण हळूहळू सैल करा. सॉस टाकून द्या. त्या प्लास्टिकच्या बाटल्या भंगारात, धुऊनही त्यात पुन्हा काही भरू नका.